शॅन (आयरिश विशेषण)

शॅन हे आयरिश भाषेतील ‘जुना, म्हातारा’ या अर्थाचे विशेषण आहे. ‘शॉन’ या परिचित आयरिश पुरुषनामाशी त्याचा संबंध नाही. रोमन लिपीत दोहोंत केवळ एका दीर्घत्वचिन्हाचा फरक असल्याने गल्लत होते; मात्र ते नाव लॅटिनमधील योहानेसवरून नॉर्मन फ्रेंचमार्गे आले आहे.

व्युत्पत्ती

प्राचीन आयरिशमध्ये हा शब्द ‘सेन’ असा होता. लॅटिन ‘सेनेक्स’, लिथुएनियन ‘सेनस’, वेल्श ‘हेन’, अवेस्ती ‘हन’ आणि ऋग्वेदातील ‘सन’ (जुना) हे त्याचे सजातीय शब्द होत. वेल्श व अवेस्ती या दोन्ही भाषांत मूळ सकाराचा हकार झालेला दिसतो. ‘सनातन’ हा शब्दही याच कुळातला. यावरून आयरिश शब्द संस्कृतातून गेला, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. हे सर्व शब्द एका आद्य इंडो-युरोपीय मूळ शब्दाची वेगवेगळ्या शाखांतील रूपे आहेत.

हे नाते तरभावात अधिक स्पष्ट दिसते. प्राचीन आयरिश ‘सिनिउ’, लॅटिन ‘सेनिओर’ आणि वैदिक ‘सन्यस्’ ही तिन्ही ‘अधिक जुना’ या अर्थाची, एकाच प्रत्ययाने साधलेली रूपे आहेत. मराठीत रुळलेला ‘सीनिअर’ हा त्या लॅटिन रूपाचाच वारसा. ‘संन्यास’ हा शब्द मात्र सम् + नि + अस् असा साधलेला, म्हणून सर्वस्वी वेगळा.

रूपे व वापर

आयरिशमध्ये अधिविशेषण सहसा नामानंतर येते. ‘शॅन’ याला अपवाद आहे: ते नामाआधी येऊन त्याच्याशी समास करते आणि नामाच्या आद्य व्यंजनाचे मृदूकरण घडवते. ‘बॅन’ (स्त्री) पासून ‘शॅनव्हॅन’ (म्हातारी) होते. ‘फोकल’ (शब्द) यातील फकार तर उच्चारातून पूर्ण नाहीसा होऊन ‘शॅनॉकल’ (म्हण; शब्दशः ‘जुना शब्द’) असे रूप होते. त, द, स यांना हा नियम लागत नाही. कारण ‘शॅन’च्या अंत्य नकाराचे व त्यांचे उच्चारस्थान जवळचे आहे. म्हणून ‘दिने’ (माणूस) याचे ‘शॅनदिने’ होताना दकार कायम राहतो. नकारापूर्वी लेखनात संयोगचिन्ह देतात, जसे ‘शॅन-नोस’ (जुनी रीत); वाद्यसाथीविना गायच्या पारंपरिक गायनशैलीचे हेच नाव आहे.

विधिविशेषण म्हणून ते अविकारी राहते: ‘ता शे शॅन’ (तो म्हातारा आहे). आधुनिक तरभाव ‘नीस शिने’ आणि तमभाव ‘इस शिने’ असा होतो. भूतकाळी वाक्यात तरभाव ‘नी ब हिने’ असा बदलतो. थोरल्या मुलाला ‘शिने’ याच रूपाने संबोधतात: ‘अन मॅक इस शिने’.