धरणाच्या तळातला वायू

मे महिन्यात पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचं पाणी मागे सरलं की काठाचा गाळ उघडा पडतो, त्यावर गवत उगवतं. पावसात धरण भरलं की तेच गवत पाण्याखाली कुजतं. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले सूक्ष्मजीव कुजवताना मिथेन सोडतात. काठाशी काठीने गाळ ढवळला की वर येणाऱ्या बुडबुड्यांत तोच असतो.

शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. त्यामुळे जलविद्युत म्हणजे निर्मळ वीज, हे सरसकट खरं नाही. ब्राझीलमधल्या बाल्बिना धरणाने अवघ्या २५० मेगावॉटसाठी ॲमेझॉनचं दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल बुडवलं, तेही बहुतांश झाडं न तोडता. उथळ, उबदार पाण्यात पालापाचोळा कुजत राहिला आणि युनिटमागचं उत्सर्जन कोळशालाही मागे टाकणारं ठरलं. शिवाय तळाचं पाणी टर्बाइनमधून बाहेर पडताना दाब उतरतो. सोड्याची बाटली उघडावी तसा वायू निसटतो.

सगळ्या धरणांना एकच माप लावू नये. कोयना खोल आहे आणि तिची क्षमता १,९६० मेगावॉट. तिला बाल्बिनाच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं. खडकवासला तर एकोणिसाव्या शतकातलं. तेव्हा बुडालेला पाला कधीच कुजून गेला. आता काठाच्या गवताखेरीज तळाला नवं खाद्य पुरवतं ते वरच्या गावांचं आणि रिसॉर्टचं सांडपाणी. ते काठावरच शुद्ध व्हायला हवं. पुणेकरांनी पिण्याच्या पाण्यासाठी तरी हा आग्रह धरावा. मिथेन आपोआप कमी होईल.