बपईजीचा माथाबानू कुठे मिळेल?

पतेती जवळ आली, की मुंबईतल्या पारशी घरांत नव्या कपड्यांची खरेदी सुरू होते. घरातल्या वृद्ध बपईजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, काय आणायचे असे विचारले, तर ती साडीही मागत नाही आणि दागिनाही. तिला हवे असतात डोक्याला बांधायचे दोन-चार पांढरे रुमाल. मागणी इतकी साधी, की नात ‘आजच आणते’ म्हणून पर्स उचलून निघते आणि तिथूनच तिची पायपीट सुरू होते.

मोठ्या दुकानांत स्कार्फ भरपूर असतात. फुलाफुलांचे, चमचमते, सॅटिनचे, जॉर्जेटचे. साधा पांढरा मात्र नसतो. मोबाइलवरून घरबसल्या मागवावा, तर चित्रात सुती दिसणारा रुमाल हातात आल्यावर पॉलिएस्टरचा निघतो. बपईजी तो बांधून पाहते. दोन मिनिटांत तो मागे घसरतो. गाठ सैल मारली तर सुटते, घट्ट मारली तर मानेला टोचते. ‘राहू दे, माझा जुनाच बरा,’ असे म्हणून ती आपला विरलेला रुमाल पुन्हा डोक्याला बांधते. घरच्यांना वाटते, म्हातारपणाचा हट्ट, दुसरे काय!

पण हा हट्ट नव्हे. या रुमालाला माथाबानू म्हणतात. एके काळी पारशी स्त्री आपले केस दिवसभर पांढऱ्या, पातळ मलमलीने झाकून ठेवत असे आणि त्यावरून साडीचा पदर घेत असे. एकोणिसाव्या शतकातल्या पारशी स्त्रियांची छायाचित्रे पाहा. पदराच्या काठाखाली कपाळालगत जी पांढरी पट्टी दिसते, ती याच रुमालाची. त्यामागे धर्माचे कारण होते. शरीरापासून सुटलेले केस आणि नखे झरथुष्ट्री परंपरेत अशुद्ध मानली जातात. त्यांची विल्हेवाट कशी लावावी, हे ‘वेंदिदाद’ या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. प्रार्थना करताना तर डोके झाकलेलेच हवे, पुरुषांचे टोपीने आणि स्त्रियांचे रुमालाने.

पुढे शिक्षण आले, राहणी बदलली, तसा रोजचा माथाबानू मागे पडला. आजची तरुणी अग्यारीत जाताना पर्समधला एखादा रंगीत स्कार्फ डोक्यावर घेते आणि बाहेर आल्यावर काढून ठेवते. त्यात गैर काहीच नाही. मात्र जिचे सारे आयुष्य डोके झाकूनच गेले, तिची गोष्ट वेगळी असते. कंबरेची कस्ती सोडून पुन्हा बांधताना ती प्रार्थना म्हणते, तीही दिवसातून अनेकदा. उघड्या डोक्याने ती हे करणार नाही. शिवाय वयोमानाने केस विरळ झालेले असतात. दूधवाला आला तरी आधी हात डोक्याकडे जातो, मग दाराच्या कडीकडे. अशा बाईला रुग्णालयात दाखल करताना डोक्याचा रुमाल काढून ठेवायला सांगितले, तर ती अवघडून जाते. त्यामागचे कारण तिथे कुणाला समजतेच असे नाही.

मग दुकानदार हा रुमाल ठेवत का नाहीत? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. २००१च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११मध्ये ५७,२६४ उरले. त्यातही रोज माथाबानू बांधणाऱ्या म्हाताऱ्या कितीशा? एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी कोण माल भरून ठेवील? दुकानाऐवजी शिवणाऱ्या हातांचा शोध घेतला, तर काम लवकर होते.

सर्वांत जवळचा रस्ता सुदरेह शिवणाऱ्या बाईकडे जातो. सुदरेह म्हणजे नवजोत झालेली प्रत्येक पारशी व्यक्ती अंगात घालते तो पवित्र सदरा. तोही पांढऱ्या मलमलीचाच असतो. जिच्याकडे ती मलमल आणि बारीक शिलाईचा हात आहे, तिला रुमाल शिवणे अवघड नाही. अग्यारीजवळच्या ज्या लहान दुकानांत सुखड, टोप्या, कस्ती मिळतात, तिथे चौकशी केली तर अशा बाईचा पत्ता बहुधा लागतो. नवसारीला नातेवाईक असतील किंवा उदवाड्याला इराणशाहच्या दर्शनाला जाणे होत असेल, तर तिथेही विचारावे.

तेही जमले नाही तर घरीच शिवावा. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये मलमल मिळते, इतर गावी खादी भांडारात पाहावे. दुकानदार ‘शंभर टक्के सुती’ म्हणाला, तरी कापडाचा एक धागा काढून घरी जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी बनतो. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच बेतावे. मलमल पहिल्या धुण्यात आटते. आधी कापली, तर रुमाल महिनाभरात आखूड होतो आणि गाठीला टोके पुरत नाहीत.

माप विचारत बसू नये. जुना रुमाल इस्त्री करून पसरावा आणि त्यावरूनच घ्यावे. कापताना आडवा एक धागा ओढून काढला, की त्या रेषेवर कात्री सरळ चालते. कडेला पिको करून घेण्याचा मोह होतो, कारण साडीच्या दुकानाबाहेर तो पाच मिनिटांत होतो. पण पिकोची जाडसर कड कानामागच्या नाजूक कातडीला घासते. बारीक दुमड घालून हाताने तुरपाई केलेली बरी. वेळ लागतो, लागू द्यावा. खळ मुळीच नको. एकदम सहा रुमालही शिवू नयेत. एक शिवून बपईजीला आठवडाभर वापरू द्यावा. ती दोष बरोबर दाखवून देते.

बोटे आखडलेली असतील, तर मानेमागे गाठ मारणे तिला जड जाते. कुणाकडून बांधून घेणे तिला आवडेलच असे नाही. अशा वेळी टोके बोटभर लांब ठेवावीत किंवा टोकांना मऊ सुती नाडी लावावी. टाचणी मात्र कधीही नको.

असा शोध केवळ पारशी घरांतच चालतो असे नाही. आजीसाठी अंबाड्याची जाळी किंवा गंगावन शोधत दुकाने पालथी घालणाऱ्या मराठी नातीही आहेतच. तिथेही आजीची जुनी वस्तू सोबत नेली, तर दुकानदाराला समजावत बसावे लागत नाही.

नवा माथाबानू शिवून झाला, की नातीने तो एकदा बपईजीकडून स्वतःच्या डोक्यावर बांधून घ्यावा. कपाळावर कड कुठे यायला हवी, कानामागून कापड कसे न्यायचे, गाठ किती घट्ट, हे सांगून समजत नाही. पुढचा रुमाल बेतताना त्याचा उपयोग होतो. आणि हो, तिच्या हाती देण्याआधी रुमाल दोनदा धुऊन सावलीत वाळवावा. कोऱ्या कापडाचा वास तिला चटकन येतो.