वारा आणि समुद्र यांच्यामधला कप्लर

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले की दोनच गोष्टी हव्या असतात: ऊन आणि कोरडा वारा. अवेळी सर आली की माल गेला. इथल्या कोळ्याला समुद्र आणि आभाळ एकत्रच वाचावं लागतं. संगणकावर मात्र दोघांची मॉडेलं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वाढली.

2012 मध्ये मान्सूनचे अंदाज सुधारण्यासाठी मान्सून मिशन सुरू झालं, तेव्हा पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने अमेरिकेचं सीएफएस-2 हे मॉडेल हाती घेतलं. त्यातलं वातावरण अमेरिकी हवामान केंद्राचं, महासागर प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेचा. लिहिणारे वेगळे, जाळीच्या चौकटी वेगळ्या. दोघांच्या मधे बसतो तो कप्लर. वातावरणाकडून वाऱ्याचा जोर, ऊन आणि पाऊस घ्यायचा, समुद्राला द्यायचा. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान उलट वर पोचवायचं.

ऐकायला सोपं, पण खरी कसोटी किनाऱ्यावर लागते. पुण्यात वातावरणाची चौकट सुमारे 38 किलोमीटरपर्यंत बारीक केली, तरी उत्तन, भाईंदर आणि समोरचं पाणी एकाच चौकटीत मावतं. ती चौकट एका मॉडेलला जमीन आणि दुसऱ्याला पाणी वाटू शकते. तिथली उष्णता दोन जाळ्यांमध्ये वाटताना थोडीही गळली, तर दशकांच्या गणितात समुद्र उगाचच तापतो किंवा निवतो. शिवाय दोन्ही भाग वेगवेगळ्या प्रोसेसरांवर चालतात. एकाचं काम आधी संपलं, तर ते प्रोसेसर दुसऱ्याची वाट बघत रिकामे बसतात. 2018 च्या ‘प्रत्यूष’ महासंगणकाचे 4 पेटाफ्लॉप्स किंवा 2024 च्या ‘अर्क’चे 11.77 पेटाफ्लॉप्स, आकडे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेतच. पण हा वेग पदरात पडतो की नाही, ते प्रोसेसरांच्या या वाटणीवरही ठरतं, आणि ती करणाऱ्यांची नावं कुठे छापून येत नाहीत, याची मला खंत वाटते.

ही अडचण जगभरची. फ्रान्समधल्या तुलूजच्या सेरफाक्स संस्थेने 1991 मध्ये ओअ‍ॅसिस कप्लरचं काम सुरू केलं. अमेरिकेत 2002 पासून मॉडेलचे घटक जोडणारी ईएसएमएफ ही प्रणाली उभी राहिली. तिची शिस्त अशी: प्रत्येक घटकाने सुरू हो, चाल आणि आवर या तीन हाका ऐकायच्या; आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळायची गरज नाही.

घटक वेगळे असण्याचा फायदा पुण्याने घेतला. सीएफएसमधला महासागर काढून तिथल्या शास्त्रज्ञांनी एमओएम-4पी1 हे महासागराचं मॉडेल बसवलं, कारण त्यात समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती आणि कार्बनचाही हिशेब होता. त्यातून उभं राहिलेलं आयआयटीएम-ईएसएम हे सीएमआयपी-6 या जागतिक हवामान-प्रयोगात उतरलेलं भारताचं पहिलं मॉडेल.