इंजिनचा आवाज ऐका, मग खिशात हात घाला!

आमच्या शेजारच्या खोलीतला मुलगा भाड्याची गाडी चालवतो. गाडी जुनी, पतपेढीच्या कर्जावर घेतलेली. हप्ता त्याच्या नावावर आणि जामीन आम्ही. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला.

"जयभीम काका. इंजिनात टकटक आवाज येतोय. मिस्त्री म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल. चाळीस हजार सांगितलेत."

त्याच्या मागे त्याची आई होती. तिच्या हातात कानातल्या फुलांची डबी होती. ती काही बोलली नाही, पण आम्ही समजलो.

आम्ही पडलो कारकून. गाडीतले आम्हाला काय कळणार? पण तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सबंध वही फाडत नाही. आधी बेरीज तपासतो, मग नोंदी तपासतो, एवढे आम्हाला नक्की कळते. हाच न्याय इंजिनाला का लावू नये? आम्ही मुलाला म्हटले, "गाडी चालू करू नकोस. दुसऱ्या जाणत्या माणसाला इथेच आणू." आणि रिक्षाने एका वृद्ध मिस्त्रींना घेऊन आलो. पद्मिनी टॅक्सींवर त्यांचा कान तयार झालेला. त्या टॅक्सी 2023 साली मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण मिस्त्रींचा कान शाबूत आहे.

मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. आवाज कधीपासून आहे? इंजिन थंड असताना जास्त, की गरम झाल्यावर? गाडी उभी असतानाही येतो, की चालतानाच? वेग वाढला की आवाजही वाढतो का? क्लच दाबला की बदलतो का? शेवटी विचारले, "ऑइल कधी बघितलं होतंस?" मुलाने मान खाली घातली. आवाज चार दिवसांपासून येत होता. प्रवासी कुरकुर करू लागले, तेव्हा या पठ्ठ्याने रेडिओ मोठा केला होता!

मिस्त्रींनी डिपस्टिक ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! पहिल्या मिस्त्रीने ती ओढूनसुद्धा पाहिली नव्हती. चेंबरच्या नटाचा वॉशर झिजला होता आणि ऑइल थेंबाथेंबाने गळत होते. पावसाच्या चिखलात ते डाग कोणाला दिसले नाहीत.

मग त्यांनी उरलेले ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर पसरले. धातूचा चमकता चुरा दिसला नाही. नवा वॉशर, नवा फिल्टर आणि योग्य प्रतीचे ऑइल घालून इंजिन चालू केले. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनच्या झाकणावर आणि मूठ कानाला लावून ते ऐकत राहिले. 1816 साली पॅरिसमध्ये डॉ. लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रोग्याची छाती ऐकली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. ही युक्ती त्याच जातीची! दोन-तीन मिनिटांत टकटक विरत गेली. खर्च अडीच हजारांच्या आत. फुलांची डबी परत कपाटात गेली.

हे घडले कसे? इंजिनात तळाच्या चेंबरमधले ऑइल पंपाने वर चढते. चाळीत नळाला दाब कमी पडला की वरच्या मजल्याचे पाणी आधी जाते ना, तसेच ऑइल कमी पडले की वरचे व्हॉल्व्ह आणि टॅपेट आधी कोरडे पडतात व टकटक करतात. आणखी दोन दिवस गाडी तशीच पळाली असती, तर खालची बेअरिंगे गेली असती आणि चाळीस हजारांचा आकडा खरा ठरला असता!

म्हणून गाडीवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी आवाजांची ओळख ठेवावी. वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची असते. आधी ऑइल पाहावे. खालून येणारा जड ठकठक आवाज, जो गाडीवर भार पडताच वाढतो, तो बेअरिंगचा असू शकतो. गाडी तिथेच बंद करून ओढून न्यावी. सकाळी गाडी चालू करताच येणारी चीं-चीं किंकाळी बहुधा ढिल्या वा झिजलेल्या बेल्टची. सतत घरघर असेल, तर अल्टरनेटर किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग तपासावे. कसारा घाटासारख्या चढावर इंजिन खळखळले, तर पेट्रोल नीट जळत नाही असे समजावे व गिअर उतरवावा. आणि गाडीखाली नुसते पत्रे खडखडत असतील, तर कित्येकदा सायलेन्सरवरचा सैल पत्राच गुन्हेगार निघतो. एक बोल्ट आवळला की काम झाले!

ऑइल पाहणे घरातल्या कोणालाही जमते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. लाल दिव्याची वाट पाहत बसू नका. तो दिवा ऑइलचा दाब सांगतो, साठा नव्हे. तो चालत्या गाडीत लागलाच, तर त्या क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

एक सावधगिरी मात्र हवी. चालू इंजिनवर वाकताना ओढणी, पदर, सैल बाही दूर ठेवा. पंखा आपोआप फिरू लागतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, तो धूर जीव घेतो.

आमच्या शेजारच्या मुलाने आता डॅशबोर्डवर एक छोटी वही ठेवली आहे. दर रविवारी ऑइल किती, किलोमीटर किती, याची नोंद त्यात होते. नोंद त्याची आई करते, आणि महिन्याला तपासणी आम्ही करतो. जामीन आहोत ना!