चुकलेल्या उत्तरांची वही

‘सर, लेकराला डोकं हाय का, तेवढं सांगा. नसंल तर एवढा खर्च कशाला करावा?’ लातूरच्या ट्यूशन एरियात जीवशास्त्र शिकवताना दर जूनमध्ये पालकांचा हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, फीसाठी सोयाबीनचे पैसे मोडलेले असतात. पण पहिल्या महिन्यात जे डोकं दिसतं, ते बऱ्याचदा आठवी-नववीत चांगला शिक्षक लाभल्याचं फळ असतं.

नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत राजर्षी शाहू महाविद्यालयाची मुलं झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हे नाव गाजलं. गाभा साधा होता: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग पेपरमागून पेपर सोडवायचे. पुढे वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आली, नांदेडलाही वर्ग वाढले, गाभा तोच राहिला. याला कुणी घोकंपट्टी म्हणतं, ते मला पटत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना 42.

तरी नुसते पेपर मोजून भागत नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. मुलं बेरीज बघतात आणि पुढचा पेपर ओढतात. मी चुकलेल्या उत्तरांची वेगळी वही करायला लावतो. कळलंच नव्हतं, आठवलं नाही, की प्रश्नातलं ‘नॉट’ वाचायचं राहिलं? मिओसिसचे टप्पे तोंडपाठ असलेली मुलगी क्रोमोसोमची संख्या नेमकी कधी निम्मी होते इथे अडते. तिला आणखी पाठांतर देऊन उपयोग नसतो, आकृती काढत काढत बोलायला लावावं लागतं.

आकलनाचा वेग सगळ्यांचा सारखा नसतो, हेही खरं. मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. बुद्धिबळासारख्या खेळांत कामगिरीतल्या फरकाचा 26 टक्के भाग सरावाने उलगडला, शिक्षणात जेमतेम 4 टक्के. म्हणून जागा हुकलेल्या लेकराला ‘तू कष्टच केले नाहीस’ म्हणणं हा अन्याय आहे.

नीटसाठी वर्ष रिपीट करू का, असं कुणी विचारलं की मी आधी ती वही मागवतो. चुका बदलत गेल्या असतील तर वर्ष जरूर द्यावं. तीच चूक पानोपानी दिसली, तर शिकण्याची पद्धत बदलावी आणि फार्मसी, बीएस्सीचे अर्जही मुदतीत भरून ठेवावेत.