अर्धाच मोडेम

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांच्या कानात डायल-अपचा आवाज अजून असेल. आधी डायल टोन, मग नंबर लागल्याचे सूर, त्यानंतर खरखर आणि किंचाळणं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते याच वाटेने. पुढे लॅपटॉपमध्ये मोडेम आतच बसवलेला येऊ लागला. फोनची वायर खुपसली की झालं! पण त्याच लॅपटॉपवर कुणी हौसेने लिनक्स टाकलं, की पडदा, कीबोर्ड, सीडी सगळं चालायचं आणि मोडेम तेवढा मुका राहायचा. तो बिघडलेला नसायचा. मुळात तो अर्धाच असायचा.

टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी आखलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झची. संगणकातले शून्य-एक त्या पट्ट्यात बसणाऱ्या आवाजात बदलायचे आणि पलीकडून आलेल्या आवाजातून पुन्हा शून्य-एक वेचायचे, हे मोडेमचं काम. त्यात आपलाच प्रतिध्वनी वजा करायचा, खरखरीत चुकलेले अंक ओळखायचे. टेबलावर ठेवायच्या जुन्या मोडेममध्ये या गणितासाठी स्वतंत्र चिप असे. संगणकाने ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर पाठवला की पुरे. म्हणून तो कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर वेगवान झाले आणि कंपन्यांनी हिशेब मांडला : हे गणित प्रोसेसरच करू दे की! महागडी चिप गेली. उरला तो तारेला जोडणारा भाग आणि आवाजाचे आकडे करणारा कोडेक, म्हणजे जवळपास साउंड कार्डच. बाकीचा मोडेम विंडोजसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये. म्हणून तो ‘विनमोडेम’. हे खरं तर एका कंपनीचं व्यापारी नाव, पण ते सगळ्यांनाच चिकटलं.

युक्ती चांगली होती. खोट होती ती गुप्ततेत. चिपशी कसं बोलायचं हे कंपन्या सांगत नसत आणि सिग्नलच्या गणितावर पेटंटं होती. त्यामुळे लिनक्सवाल्यांचं पहिलं काम हेरगिरीचं. लॅपटॉप कुणाचा हे बिनमहत्त्वाचं, आतली चिप ल्युसेंटची, कोनेक्संटची की स्मार्ट लिंकची, हे आधी शोधायचं. स्मार्ट लिंकचा ड्रायव्हर या सगळ्या प्रकरणाचं सार दाखवतो. त्यातला थोडा भाग वाचता येण्याजोगा. सिग्नलचं गणित मात्र आधीच बांधून दिलेल्या बंद गाठोड्यात. काही लॅपटॉपांत तर तो ध्वनीच्या ड्रायव्हरमार्फतच चालवावा लागे. मोडेम हे शेवटी आवाजाचंच यंत्र, याचा याहून सरळ पुरावा नाही.

कोनेक्संटसाठी लिनक्संट नावाची कॅनडातली कंपनी ड्रायव्हर विकत असे. फुकट घ्यायचा तर वेग १४.४ किलोबिटवर अडवलेला, ५६ हवा तर पैसे मोजा. २००४ मध्ये तिच्या ड्रायव्हरमध्ये एक गंमत सापडली. बंद ड्रायव्हर आला की लिनक्सचा कर्नल इशारा देतो. हिने परवान्याच्या जागी ‘जीपीएल’ लिहून लगेच शून्य चिन्ह टाकलं होतं आणि खऱ्या अटी त्यापुढे. शून्य दिसलं की कर्नल वाचणं थांबवतो, म्हणजे त्याला सगळं मुक्तच वाटलं. वारंवार येणाऱ्या इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळतात, असं कंपनीचं म्हणणं. कर्नल लिहिणाऱ्यांना ते मुळीच पटलं नाही, आणि योग्यच होतं. बंद कोडमुळे बिघाड झाला तर तो शोधायचा कुणी?

एवढं करून ड्रायव्हर चालला, तरी भारतात आणखी एक फाटा होताच. मोडेम म्हणायचा ‘नो डायलटोन’, आणि फोन कानाला लावावा तर टोन ठणठणीत! आपल्याकडची डायल टोन अमेरिकेतल्यापेक्षा वेगळी, काही मोडेमना ती ओळखताच येत नसे. त्यावर ‘एटीएक्स३’ ही आज्ञा द्यायची : टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव.

स्मार्ट लिंकचं ते गाठोडं ३२ बिटांचं. आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर ते चालवायचं तर जुन्या ३२ बिट लायब्ररी मुद्दाम बसवाव्या लागतात. गाठोडं उघडून नव्याने बांधण्याची सोय नाही. सिरियल पोर्टला लावायचा जुना मोडेम मात्र आजही ‘एटी’ म्हटलं की ‘ओके’ म्हणतो.