चित्रातला उजेड, घरातला उजेड

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली की काही मंडळी कागदपत्रे घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही पडलो कारकून. अर्ज लिहिणे, कर्जाचे हप्ते मोजून देणे ही कामे ओघानेच आमच्याकडे येतात. अशाच एका रविवारी महानगरपालिकेत नोकरी करणारे एक बंधू सपत्नीक आले. हातात नव्या इमारतीचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. चित्रात प्रशस्त हॉल, पांढऱ्या भिंती आणि खिडकीतून थेट सोफ्यापर्यंत आलेले कोवळे ऊन. वहिनी म्हणाल्या, "दादा, घर कसं उजेडाचं आहे बघा! पोरांना भरदिवसा दिवा लावून अभ्यास करावा लागणार नाही."

चाळीच्या खोलीत दिवसा दिवा लावून शिकलेल्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण आम्ही विचारले, "इमारत किती मजले झाली?" उत्तर आले, "अजून पायाच भरतोय."

मग हे ऊन आले कुठून?

आमचा पुतण्या हेच काम करतो. त्याला चित्र दाखवले तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, असा सूर्य मी रोज लावतो. गिऱ्हाईक सांगेल त्या खिडकीत लावतो." म्हणजे तो फोटो नव्हताच. संगणकाने हिशेब करून काढलेले ते चित्र होते. हा हिशेब कसा होतो, हे त्याच्याकडून समजून घेतले ते वाचक बंधुभगिनींनाही उपयोगी पडेल.

खोलीतला उजेड केवळ दिव्याचा किंवा सूर्याचा नसतो. तो भिंतीवर आपटतो, तिथून छतावर, छतावरून जमिनीवर जातो. कार्ल्याचे चैत्यगृह आठवा. ते पश्चिमाभिमुख आहे. सकाळी आत ऊन पडत नाही, तरी खांबांमागच्या वाटेतही माणसाला पाऊल टाकता येते, छताच्या लाकडी फासळ्या दिसतात. पिंपळपानाच्या आकाराच्या त्या मोठ्या गवाक्षातून आलेला उजेड दगडावरून दगडावर उसळत आत पोहोचतो. आपल्या डोळ्यांना याची इतकी सवय असते की ते आपल्या ध्यानातही येत नाही.

संगणकाला मात्र हे शिकवावे लागले. सुरुवातीच्या चित्रांत दिव्याचा थेट उजेड पडे तिथे लखलखाट, बाकी काळाकुट्ट अंधार. तो झाकायला सगळीकडे सारखाच थोडा उजेड मिसळत. त्यामुळे खोली पुठ्ठ्याची वाटे. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी यावर वाट काढली. बाबासाहेब ज्या न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी हे विद्यापीठ आहे. एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर उष्णता कशी जाते याचा अभियंत्यांचा हिशेब त्यांनी उजेडाला लावला. त्यासाठी एक साधी रिकामी खोली घेतली. तीच पुढे 'कॉर्नेल बॉक्स' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. तिची एक भिंत लाल, समोरची दुसऱ्या रंगाची, बाकी सारे पांढरे. लाल भिंतीजवळच्या पांढऱ्या जमिनीवर किंचित लाल झाक उतरते, ती आता चित्रातही आली. पुढे तेथील संशोधकांनी खरोखरीचा डबा बांधला आणि खरे दृश्य व संगणकाचे चित्र शेजारी शेजारी ठेवून पडताळले. आपल्या चित्रावर विश्वास ठेवा असे त्यांनी सांगितले नाही. जुळते का ते पाहा, असे म्हटले. हे आम्हाला फार आवडले.

१९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी हा सगळा हिशेब एका समीकरणात मांडला. आज पुतण्या वापरतो ती रीत तिथूनच आली. संगणक आपल्या डोळ्याच्या जागेवरून किरण मागे मागे सोडतो. तो भिंतीवर आपटतो, वळतो, पुन्हा आपटतो आणि अखेर दिव्याला किंवा आकाशाला भिडला तर तेवढा उजेड त्या ठिपक्याच्या खात्यात जमा होतो. किरण कमी सोडले तर चित्रावर रवाळ ठिपके दिसतात. ते निम्मे करायचे तर किरण चौपट सोडावे लागतात. म्हणून एका चित्राला कधी कधी अख्खी रात्र लागते.

या कामाचे 'ब्लेंडर' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. तेही का, ते सांगण्यासारखे आहे. २००२ साली मूळ कंपनी बंद पडल्यावर जगभरच्या वापरणाऱ्यांनी एक लाख युरोंची वर्गणी जमवून ते सर्वांसाठी खुले करून घेतले. लोकवर्गणीतून विहार उभारणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट परकी वाटू नये. ज्या मुलांच्या आईबापांना महागड्या क्लासची फी परवडत नाही, त्यांनी याकडे जरूर पाहावे.

उजेड खरा दिसावा म्हणून पुतण्या काही नियम पाळतो. भिंत कितीही पांढरी असली तरी ती पडलेला सगळा उजेड परत देत नाही. चांगली पांढरी भिंतसुद्धा साधारण ऐंशी टक्केच देते. लहान दिव्याची सावली धारदार पडते, मोठ्या खिडकीची मऊ. पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५०० ची. दोन्ही एकाच रंगाचे दाखवले की चित्र खोटे वाटते. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर रात्री ट्यूबच्या खोलीत शे-दोनशे. म्हणून खिडकीबाहेरची बागही स्पष्ट आणि आतला कोपराही झगझगीत, असे चित्र दिसले की थोडे थांबावे.

आणि इथेच मेख आहे. हिशेब अचूक असला तरी सूर्य कुठे ठेवायचा हे माणूस ठरवतो.

आम्ही त्या बंधूंकडून मंजूर नकाशाची प्रत मागवली. हॉलची एकच खिडकी, ती उत्तरेला. समोर वीस फुटांवर दुसरी इमारत. पुतण्याने तीच मापे घातली, मुंबईचे अक्षांश घातले, डिसेंबरची दुपार घेतली. आपल्याकडे २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येणार कुठून? मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो माध्यान्हीला थोडा उत्तरेला सरकतो, पण तेव्हा जवळजवळ डोक्यावरच असतो आणि त्यातला बराच काळ पावसाळी ढगांचा. सकाळी चित्र तयार झाले. खिडकीजवळ फिकट उजेड, सोफ्याच्या जागी करडा अंधार. वहिनी बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ही तर आमचीच खोली झाली."

पुढच्या रविवारी आम्ही चौघे जागेवर गेलो. बुकिंगच्या खिडकीवरच्या माणसाने माहितीपत्रकाच्या तळाची बारीक ओळ दाखवली. चित्रे केवळ कल्पनेसाठी आहेत, असा तिचा आशय. आम्ही त्याच्याशी भांडलो नाही. तोही आमच्यासारखाच पगारी नोकर. पण २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १२ आम्ही त्याला वाचून दाखवले. जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले तर भरपाई मागता येते, घर नको असल्यास व्याजासह रक्कम परत मागता येते, असे ते कलम सांगते. तरी पैसे भरून मग झगडण्यापेक्षा आधी पाहून घेणे केव्हाही शहाणपणाचे. अखेर त्या कुटुंबाने दुसऱ्या बाजूची पूर्वेकडची सदनिका घेतली. हॉल थोडा लहान आहे, पण सकाळचा उजेड येईल.

समाजबांधवांना एवढेच सांगणे, की भविष्यनिर्वाह निधी मोडण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद व मंजूर नकाशे पाहावेत. खिडकीची दिशा आणि समोरच्या बांधकामाचे अंतर विचारून लिहून घ्यावे. आणि होकायंत्र घेऊन त्या जागी स्वतः उभे राहावे.

तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हिताचे आहे असे कळले तरच स्वीकारा. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, या आणि पाहा. पुतण्यालाही आम्ही सांगितले, "सूर्य लावणे हे तुझे पोट आहे, ते कर. पण कुणी खरी दिशा विचारली तर खरी सांग." त्याने मान हलवली. हल्ली तो घरच्यांसाठी चित्र काढताना आधी नकाशावरचा उत्तरेचा बाण शोधतो.

नमो बुद्धाय, जय भीम.